चावी ज्याच्या हातात

सावद्याच्या पिकवण वखारीत, चार नंबरच्या खोलीबाहेर
भिंतीवर एक करडी पेटी आहे, जेवणाच्या डब्याएवढी.
रोज रात्री तीननंतर ती अकरा सेकंद
कुणाशीच बोलत नाही.
मग पहाऱ्याचं घड्याळ तिला मेलेली समजतं,
पुन्हा जन्माला घालतं.
कॉम्प्रेसर त्यानंतर वीस मिनिटं उठत नाही.
केळी मात्र थांबत नाहीत.

मी जळगावात. तिसरा मजला, मे महिना,
कूलरमधलं पाणी संपून नुसता गवताचा वास.
मध्ये भुसावळचे रूळ, तापी,
आणि एक टॉवर, ज्याचा भरवसा नाही.

पहिल्या आठवड्यात मी सगळंच मागवलं:
कोण उठलं, कोण निजलं, कुणी कुणाला हलवलं,
मायक्रोसेकंदाच्या हिशोबानं.
पेटी पाठवून पाठवून दमली
आणि पडलीच नाही.
साहेब तपासणीला आले की
फळ्यावर तारीख पडते ना, तशी शहाणी.

मग तिला सांगितलं, पाठवू नको.
आतच लिही, गोल वहीत.
शेवटचं पान भरलं की पहिल्यावर लिही, जुनं गेलं तर जाऊ दे.
फक्त पाच सेकंद कुणी बोललं नाही
की लेखणी खाली ठेव.
पुन्हा जन्मलीस तरी ते पान पुसू नको.

रात्री दोनला नामदार तडवीचा फोन.
"ताई, दिवा हिरवाच आहे. तुम्ही काय करताय?"
कर्नलच्या खुणा गोळा करतेय, म्हटलं.
"मिल्ट्रीतला का?"
तसाच. सगळ्यांच्या पाळ्या लावतो,
स्वतः कुणाला दिसत नाही.

पहाटे वही आली. चौदा तुकडे,
नववा दोनदा, अकरावा मागून मागून.
तिचं घड्याळ माझ्यापेक्षा चार सेकंद मागे,
ते आधी जुळवलं.
पडद्यावर पट्ट्या उमटल्या. मी ताणत गेले,
सेकंदाचं वावर, त्यातला वाफा,
वाफ्यातलं एक रोप.

तीन वाजून सात मिनिटं.
दिल्लीचा ट्रक लागतो, नामदार दार उघडतो.
दाराची नोंद लिहिणारं बारकं काम, विटकरी रेघ,
सगळ्यात खालच्या मानाचं,
सामाईक तक्त्याची चावी घेऊन आत जातं.
तेवढ्यात टॉवर बॅटरीवर जातो, रेंज तुटते,
आणि मधल्या मानाचा मोडेम
लाव, पुन्हा लाव, पुन्हा लाव, असा धावत सुटतो.
विटकरीला पाऊल टाकायला जागा नाही.
सगळ्यात वरचं, तापमान बघणारं,
दारात उभं. चावी मिळेना.
अकरा सेकंद.

कुणाचंच चुकलं नव्हतं.
मी चहा गार होईपर्यंत तेच बघत बसले.

नामदारला सांगितलं तर हसला.
"आमच्याकडे पण झालंय हे.
शेठ बाहेर ओरडतायत, चावी माझ्या कमरेला,
मी आत, आणि मध्ये हमालांनी
क्रेटची भिंत घातलेली.
सरका म्हटलं तर माझं कोण ऐकतो?"

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
चावी ज्याच्या हातात,
त्याला तेवढ्यापुरता
वाट बघणाऱ्याचा मान.
चावी ठेवली की मान परत.

"म्हणजे ठेवली की परत नामदार वॉचमन."
हो.
"आणि हातात असताना शेठ."
हो.
बराच वेळ फोनवर
नुसते पंखे ऐकू येत होते.

दुसऱ्या रात्री पेटी पडली नाही.
काम संपलं होतं, तरी मी वही मागवली.
तीन सात. विटकरी रेघ
झटक्यात वर उचललेली,
मोडेमच्या डोक्यावरून,
अर्धा मिलिसेकंद.
मग खाली, आपल्या जागी.

ती उंची मी बोटानं मोजली, काचेवर.